डोके कोणी सांभाळायचे? खेळाडूने की नियमाने?

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलांना एक गोष्ट नक्की माहीत असेल. 2019 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात एखाद्या खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला आणि मेंदूला हादरा बसला असे डॉक्टरांनी सांगितले, तर त्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरतो. हा बदली खेळाडू फलंदाजीही करू शकतो. त्याच वर्षी लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेला चेंडू लागला आणि मार्नस लाबुशेन असा पहिला बदली खेळाडू ठरला. नियम लहान आहे. पण त्यामागचा विचार मोठा आहे. खेळाडूने 'मी ठीक आहे' म्हटले तरी निर्णय डॉक्टरांचा. आणि संघाचे नुकसान होईल या भीतीने कोणी दुखणे लपवू नये, म्हणून बदलीची सोय.

असा विचार सहज सुचत नाही. त्यासाठी बरीच डोकी फुटावी लागतात. या महिन्याच्या आरोग्य पानात आपण अशा एका खेळाचा अभ्यास करणार आहोत, जिथे हा विचार रुजायला पन्नास वर्षे लागली आणि अजूनही भांडण संपलेले नाही. तो खेळ म्हणजे आइस हॉकी. आपल्या देशात तो मुख्यतः लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यांवर खेळतात. पण त्याचे खरे घर कॅनडा. तिथे मूल चालायला लागले की बर्फावरही उभे राहते.

आपल्या वस्तीत बर्फाचे मैदान नाही. मग हा धडा कशासाठी? कारण डोके सगळ्यांचे सारखेच असते. आणि 'पोराने जपून खेळावे' हे बोलणे जगभर एकच आहे. ते पुरेसे का नाही, हे या खेळाने आकडे देऊन दाखवले आहे.

खेळ कसा असतो

दोन संघ, प्रत्येकी सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक. पायात पाते लावलेले बूट, हातात काठी. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, जाडी एक इंच, रुंदी तीन इंच, वजन सुमारे 170 ग्रॅम. अमेरिका आणि कॅनडाच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे नॅशनल हॉकी लीगमध्ये, मैदान 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. चारी बाजूंनी लाकडी-प्लॅस्टिकच्या फळ्या आणि त्यांवर काच. खेळाडू ताशी 30 किलोमीटरहून अधिक वेगाने घसरत जातात. म्हणजे गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरचा वेग.

या खेळात ज्याच्याकडे चकती आहे त्याला खांद्याने किंवा अंगाने धक्का देऊन चकतीपासून तोडणे हे नियमात बसते. त्याला बॉडी चेक म्हणतात. आपण त्याला अंगाचा धक्का म्हणू. फळीवर नेऊन आदळणे, समोरून छातीवर आदळणे, हे सारे खेळाचा भाग. प्रेक्षक त्यावर टाळ्या वाजवतात.

आता कल्पना करा. दोन धडधाकट माणसे, दोघेही स्कूटरच्या वेगात, एकमेकांवर येत आहेत. एकाची नजर खाली चकतीवर आहे. दुसऱ्याचा खांदा त्याच्या जबड्याच्या उंचीवर आहे.

कवटीच्या आत काय होते

मेंदू मऊ असतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके जोरात हलून एकदम थांबले, तर कवटी थांबते पण मेंदू थांबत नाही. तो आतल्या आत सरकतो, पिळला जातो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात. मेंदूच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. डॉक्टर याला कन्कशन म्हणतात. आपण मेंदूचा हादरा म्हणू.

घरातले उदाहरण घ्या. अंडे न फोडता जोरजोरात हलवले, तर कवच तसेच राहते, पण आतला बलक मोडतो. हादऱ्याचेही तसेच. बाहेर जखम नाही, रक्त नाही, टेंगूळही नसेल. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही. बहुतेकांना बेशुद्धीही येत नाही. म्हणून लोकांना वाटते की काही झालेच नाही.

सर्वांत जास्त घात होतो तो डोके बाजूने वळले, गरकन फिरले तर. खांद्याचा किंवा कोपराचा फटका जबड्यावर बाजूने बसला की डोके तसेच फिरते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली म्हणजे पुढचे नियम का बदलले ते कळेल.

हेल्मेट आले, तरी प्रश्न उरला

13 जानेवारी 1968. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स संघाचा बिल मास्टरटन खेळत होता. दोन खेळाडूंची त्याला टक्कर बसली, तो मागे पडला आणि डोके बर्फावर आदळले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्या काळी बहुतेक खेळाडू हेल्मेट घालत नसत. घालणाऱ्याला भित्रा समजत. 15 जानेवारीला मास्टरटनचा मृत्यू झाला. मैदानावरच्या दुखापतीने थेट मृत्यू झालेला तो या लीगचा एकमेव खेळाडू.

तरीही हेल्मेटची सक्ती यायला अकरा वर्षे लागली. 1979 मध्ये नियम झाला, तोही नव्याने येणाऱ्या खेळाडूंसाठी. जुन्यांना सूट मिळाली. त्यामुळे उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू, क्रेग मॅकटॅव्हिश, 1997 पर्यंत मैदानात होता. चांगला नियमही किती सावकाश पोचतो पाहा.

हेल्मेटने कवटी फुटणे कमी झाले, जीव वाचले. पण मेंदूचा हादरा थांबला नाही. अंड्याचे उदाहरण आठवा. अंडे डब्यात ठेवून डबा हलवला तरी बलक हलतोच. हेल्मेट कवटीला वाचवते. आत फिरणाऱ्या मेंदूला ते पूर्णपणे धरून ठेवू शकत नाही. (यावरून दुचाकीवर हेल्मेट नको असा अर्थ कोणी काढू नये. दुचाकीवरून पडल्यावर कवटीच फुटते, म्हणून तिथे हेल्मेट हवेच.)

म्हणून प्रश्न पुढे सरकला. डोक्यावर काय घालायचे, हा पहिला प्रश्न. डोक्यावर फटका बसूच का द्यायचा, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला हात घालायला आणखी तीस वर्षे गेली.

नियमात बसणारा फटका

26 मे 2000. फिलाडेल्फियाचा एरिक लिंड्रॉस हा त्या पिढीतला मोठा खेळाडू. आधीच अनेक हादरे बसलेले. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट याच कारणाने 1996 मध्ये, विसाव्या वर्षी, खेळ सोडून बसला होता. या सामन्यात लिंड्रॉस मान खाली घालून येत असताना न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने खांद्याने त्याच्या डोक्यावर फटका दिला. लिंड्रॉस कोसळला. शिक्षा? काहीच नाही. कारण खांद्याने दिलेला धक्का नियमात बसत होता. फटका छातीवर बसला की डोक्यावर, याचा नियमाला फरकच नव्हता.

लोक काय म्हणाले? 'त्याने मान वर ठेवायला हवी होती.' हॉकीत लहानपणापासून हेच शिकवतात. म्हणजे ज्याचे डोके फुटले, चूक त्याचीच.

हा विचार आपल्या ओळखीचा आहे. गटारात माणूस मेला तर 'त्याने काळजी घ्यायला हवी होती' म्हणतात. मशीनमध्ये बोट गेले तर 'लक्ष कुठे होते' असे विचारतात. मार खाणाऱ्याकडे बोट दाखवले की ज्याने रीत ठरवली त्याला कोणी विचारत नाही.

स्वतः स्टीव्हन्सचा खेळही 2004 मध्ये मेंदूच्या हादऱ्याच्या त्रासाने थांबला.

मग आला 7 मार्च 2010. पिट्सबर्गच्या मॅट कुकने बोस्टनच्या मार्क सॅव्हर्डला बाजूने, न दिसणाऱ्या कोनातून डोक्यावर खांदा मारला. सॅव्हर्ड स्ट्रेचरवरून गेला. कुकला ना दंड, ना निलंबन. लीगचे उत्तर एकच, नियम मोडलेलाच नाही. या वेळी मात्र गदारोळ झाला. दोनच महिन्यांनी सॅव्हर्ड परत खेळायला आला. पण जानेवारी 2011 मध्ये त्याला दुसरा हादरा बसला आणि तो पुन्हा कधीच लीगमध्ये खेळू शकला नाही.

सॅव्हर्डच्या फटक्यानंतर त्याच महिन्यात लीगने पाऊल उचलले आणि 2010-11 च्या हंगामासाठी नियम क्रमांक 48 लिहिला गेला. त्याची वाटचाल तीन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, 2010: बाजूने किंवा न दिसणाऱ्या कोनातून येऊन डोक्यावर फटका मारण्यास बंदी.

दुसरी पायरी, 2011: 'बाजूने' ही अट काढली. फटका कोणत्याही दिशेने येवो, डोके लक्ष्य असेल तर गुन्हा.

तिसरी पायरी, 2013: शब्द पुन्हा बदलले. फटक्यात मुख्य स्पर्श डोक्याला झाला असेल आणि तो टाळता येण्यासारखा असेल, तर मनाई.

शेवटच्या पायरीत 'टाळता येण्यासारखा' हा शब्द आहे. सारे भांडण त्या एका शब्दात आहे. शेवटच्या क्षणी समोरचा वाकला तर? मारणारा उंच आणि मार खाणारा बुटका असेल तर? पंचांना आणि लीगच्या अधिकाऱ्यांना प्रत्येक वेळी हे ठरवावे लागते. केन ड्रायडन हे मॉन्ट्रियलचे नामांकित गोलरक्षक, पुढे वकील आणि कॅनडाचे केंद्रीय मंत्री झाले. त्यांनी 2017 मध्ये 'गेम चेंज' हे पुस्तक लिहून सोपा मार्ग मांडला. डोक्याला लागलेला प्रत्येक फटका हा गुन्हा धरा. मुद्दाम होता का, चुकून होता का, हे विचारू नका. मेंदूला त्याने फरक पडत नाही.

नियम पाळला जावा म्हणून

नुसता कागद बदलून भागत नाही. लीगने 2011 मध्ये खेळाडूंच्या सुरक्षेसाठी वेगळा विभाग केला. त्याचा पहिला प्रमुख ब्रेंडन शॅनाहन हा स्वतः जुना खेळाडू. कोणाला निलंबित केले की हा विभाग त्या फटक्याची चित्रफीत दाखवून कारण समजावून सांगतो. सर्वांना दिसेल असे. निलंबनाच्या काळातला पगार कापला जातो आणि तो खेळाडूंच्या आपत्कालीन मदत निधीत जमा होतो.

मॅट कुकचेच पाहा. मार्च 2011 मध्ये त्याने आणखी एकाच्या डोक्यावर कोपर मारले. या वेळी नियम होता. त्याला उरलेले दहा सामने आणि बाद फेरीचा पहिला टप्पा, इतक्या काळासाठी बाहेर बसवले. त्यानंतर त्याने आपली खेळण्याची पद्धत बदलली. 2010 मध्ये नियम नव्हता म्हणून तो सुटला होता. नियम आला, पगार गेला, तेव्हा सवय बदलली.

मैदानही बदलले. मार्च 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्स पॅसिओरेटीचे डोके संघाच्या बाकाशेजारच्या काचेच्या खांबावर आदळले. पुढच्या हंगामापासून त्या कोपऱ्यांवर वळणदार काच बसवली आणि कडक काचेऐवजी लवचीक प्लॅस्टिकची काच सर्वत्र आली.

आणि तपासणी बदलली. पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी हा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू. 1 जानेवारी 2011 ला त्याच्या डोक्याला फटका बसला. तो खेळत राहिला. 5 जानेवारीला पुन्हा फटका बसला. मग तो नोव्हेंबरपर्यंत खेळूच शकला नाही. परतला, आठ सामन्यांनी लक्षणे परत आली, आणि मार्च 2012 पर्यंत पुन्हा बाहेर. पाच दिवसांत दोन फटके, आणि सव्वा वर्ष गेले.

मार्च 2011 मध्येच लीगने नियम केला. हादऱ्याची शंका आली की बाकावर बसल्या बसल्या विचारपूस नाही. खेळाडूला शांत खोलीत न्यायचे आणि डॉक्टरांनी तपासायचे. 2016 पासून न्यूयॉर्कमध्ये बसलेले जाणकार पडद्यावर सर्व सामने पाहतात. कोणी अडखळले, कोणी डोके धरून उठले, की ते खेळाडूला बाहेर काढायला लावू शकतात. प्रशिक्षकाची इच्छा असो वा नसो.

हे महत्त्वाचे का? कारण हादरा बसलेला मेंदू स्वतःचे निदान करू शकत नाही. जे मोडले आहे त्यालाच 'तू मोडला आहेस का' असे विचारणे चुकीचे आहे.

मुलांचा खेळ: दोन प्रांतांची तुलना

आता या धड्यातला सर्वांत मोलाचा भाग. मोठ्या खेळाडूंना पैसे मिळतात, ते जाणते असतात. मुलांचे काय?

कॅनडात 11-12 वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत अल्बर्टा प्रांतात अंगाचा धक्का चालत असे. क्विबेक प्रांतात त्याच वयाला मनाई होती. खेळ तोच, वय तेच, नियम वेगळा. कॅलगरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007-08 च्या हंगामात दोन्हीकडच्या मुलांची नोंद ठेवली. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले.

अल्बर्टा (धक्का चालतो): 1108 मुले, सामन्यांत 241 दुखापती, त्यांपैकी 78 मेंदूचे हादरे.

क्विबेक (धक्का मना): 1046 मुले, सामन्यांत 91 दुखापती, त्यांपैकी 23 हादरे.

मुले जवळपास तितकीच, खेळलेले तासही जवळपास तितकेच. धोका तिपटीहून अधिक. अल्बर्टाची मुले काही जास्त बेफिकीर नव्हती. क्विबेकच्या आया काही जास्त काळजीवाहू नव्हत्या. फरक एका नियमाचा होता.

2011 मध्ये अमेरिकेच्या संघटनेने या वयोगटाला धक्का मना केला. 2013 मध्ये सर्व कॅनडात तोच नियम झाला. मग त्याच संशोधकांनी अल्बर्टात पुन्हा मोजले. दुखापती निम्म्या झाल्या होत्या आणि हादरे सुमारे 64 टक्क्यांनी घटले होते.

औषध नाही, यंत्र नाही, खर्च नाही. नियमपुस्तकातली एक ओळ बदलली.

विरोधकांचे म्हणणे

विरोध झालाच. तो ऐकून घेतला पाहिजे, कारण असेच आक्षेप आपल्याकडेही येतात.

'लहानपणी धक्का खायला शिकले नाही, तर मोठेपणी जास्त लागेल.' हे ऐकायला पटते. संशोधकांनी तेही तपासले. 13-14 वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात, आधी धक्क्याची सवय असलेल्यांना लांबलेल्या दुखापती काहीशा कमी आढळल्या, पण हादऱ्याचा धोका कमी नव्हता. पुढे 15 ते 17 वर्षांच्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात तर जास्त वर्षे धक्क्याचा अनुभव असलेल्यांना दुखापतीही जास्त आणि हादरेही जास्त आढळले. मेंदू मार खाऊन घट्ट होत नाही. तो तळहाताचा घट्टा नव्हे.

'खेळाची मर्दानी मजा जाईल.' हेल्मेट आले तेव्हाही हेच म्हणत होते. आज हेल्मेटशिवायचा खेळ कोणाला पाहवणार नाही.

'ही आमची परंपरा आहे.' दहीहंडीच्या वेळी आपण हे शब्द ऐकले आहेत. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 18 वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंची 20 फुटांपर्यंत ठेवायला सांगितली. 2017 मध्ये उंचीचे बंधन राहिले नाही आणि वयाची अट 14 वर आली. सर्वांत वरच्या थरावर चढवले जाणारे पोर कोणाच्या घरचे असते, हे वस्तीतल्या आयांना सांगायला नको.

नियमाने सगळे भागते का?

नाही. हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे.

टोरंटोच्या संशोधकांनी 2009 ते 2012 चे सामने तपासले. नियम 48 आल्यावर हादऱ्यांची संख्या लगेच खाली आली नाही. सुमारे 64 टक्के हादरे अंगाच्या धक्क्याने झाले होते. पण एकूण हादऱ्यांपैकी जेमतेम 28 टक्के बेकायदा ठरलेल्या प्रसंगांतले होते. म्हणजे बहुतेक मेंदू नियमात बसणाऱ्या खेळानेच हादरले. अर्धामुर्धा नियम अर्धेमुर्धेच काम करतो.

मुलांच्या हॉकीत 2011 पासून कॅनडाने डोक्याला होणाऱ्या कुठल्याही स्पर्शावर शिक्षा ठेवली. अल्बर्टातल्या अभ्यासात त्या एका नियमाने हादरे कमी झाल्याचे दिसले नाही. नोंद जास्त होऊ लागली हे एक कारण असू शकते, पंचांची शिट्टी न वाजणे हे दुसरे. धक्काच बंद केला तेव्हा मात्र आकडे कोसळले. शिक्षा ठेवण्यापेक्षा धोक्याचे मूळ काढणे जास्त उपयोगी, हा आरोग्याचा जुना धडा इथेही खरा ठरला. महिलांच्या हॉकीत 1990 नंतर धक्का बंद झाला, तरी घसरून, फळीवर आदळून हादरे बसतातच. धोका कमी होतो, शून्य होत नाही.

आणि वर्षानुवर्षे साचणारे नुकसान वेगळेच. वारंवार डोक्यावर मार बसलेल्या काही खेळाडूंच्या मेंदूत, मृत्यूनंतर तपासल्यावर, एका प्रथिनाचे विशिष्ट साठे सापडले. या आजाराला सीटीई म्हणतात. विसरणे, भडकणे, खिन्नता असा त्रास त्यात दिसतो. डेरेक बूगार्ड 2011 मध्ये 28 व्या वर्षी गेला. स्टीव्ह माँटाडोर 2015 मध्ये 35 व्या वर्षी गेला. दोघांच्याही मेंदूत हा आजार सापडला. माजी खेळाडूंनी लीगवर खटला भरला. 2018 मध्ये लीगने सुमारे 1 कोटी 89 लाख डॉलरची तडजोड केली, पण जबाबदारी मान्य केली नाही.

एका मुलीच्या नावाचा कायदा

कॅनडातलीच एक घटना, खेळ मात्र रग्बी. ओटावाची रोवन स्ट्रिंगर 17 वर्षांची होती. मे 2013 मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला मार बसला. डोके दुखत होते. हा हादरा असेल का, अशी शंका तिने मैत्रिणींना मोबाइलवर कळवली होती, पण घरी किंवा शाळेत मोठ्यांपैकी कोणाला सांगितले नाही. पुढच्या सामन्यात पुन्हा आदळली. शुद्धीवर आली नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला की कोवळ्या मेंदूला अशी सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडले की परत फिरता येत नाही.

तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये ओंटारिओ प्रांतात रोवनच्या नावाने कायदा झाला. हादऱ्याची शंका आली की खेळाडूला ताबडतोब बाहेर काढायचे. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक यांनी दरवर्षी माहिती वाचायची.

रोवनला माहिती नव्हती असे नाही. सांगायची सोय नव्हती. हा धडा प्रत्येक आईने मनात धरावा.

आपल्या घरासाठी

कबड्डीत पकड करताना डोके गुडघ्यावर आपटते. गच्चीवरून, माळ्यावरून, नळावरच्या शेवाळावर घसरून पोरे पडतात. तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

हादऱ्याची लक्षणे: डोके दुखणे, चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, उजेड किंवा आवाज नकोसा होणे, गोंधळणे, तेच तेच विचारणे, पडण्याआधीचे न आठवणे, चिडचिड, नेहमीपेक्षा जास्त झोप. लक्षणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात.

ताबडतोब रुग्णालयात न्या, 108 ला फोन करा, जर: बेशुद्धी आली, झटके आले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढतच गेली, हातपाय लुळे पडले किंवा मुंग्या आल्या, एकाचे दोन दिसू लागले, एक बाहुली मोठी व एक लहान दिसली, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आले, उठवूनही नीट उठत नसेल, मान खूप दुखत असेल. मान दुखत असेल तर उगाच उचलू, हलवू नका. तान्ह्या बाळाची टाळू फुगली, दूध सोडले, रडणे थांबेना, तरीही तसेच न्या.

काय करावे: शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. 'पाणी मार आणि उतर' नाही. पहिले काही तास कोणीतरी जवळ राहावे. डॉक्टरांनी पाहिले असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर मुलाला झोपू द्यावे. झोप मेंदूला हवीच असते. मनाने गोळ्या देऊ नयेत. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग थोडे चालणे, मग शाळा, मग हलका सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. अंगाला अंग भिडणारा खेळ सर्वांत शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात.

मंडळासाठी: सराव सुरू होण्याआधीच ठरवा की डोक्याला लागले तर बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा. तो माणूस प्रशिक्षक नसावा, कप्तान नसावा. जिंकण्याची घाई नसलेली एखादी ताई किंवा काका असावा. आणि बाहेर आलेल्या पोराला कोणी भित्रा म्हणणार नाही, हेही त्याच दिवशी ठरवा.

चर्चेसाठी प्रश्न (महिला मंडळ, युवक मंडळ किंवा अभ्यासवर्गात घ्यावेत)

1. क्विबेक आणि अल्बर्टाच्या मुलांत फरक कशाचा होता? तो फरक कोणी केला?

2. 'त्याने मान वर ठेवायला हवी होती' आणि 'काळजी घ्यायला हवी होती' ही वाक्ये आपण कुठे कुठे ऐकतो? ती बोलणाऱ्याचा त्यात काय फायदा असतो?

3. आपल्या मुलाच्या डोक्याला लागले तर ते आपल्याला निर्धास्तपणे सांगेल का? ओरडा बसेल, खेळ बंद होईल, या भीतीने लपवणार तर नाही?

4. आपल्या वस्तीतला असा कोणता एक नियम बदलला, तर डोकी वाचतील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडळात द्यायचे नाही. ते आज रात्री जेवताना मुलांनाच विचारायचे.